काळ्या दगडाची दोन घरे : लोणाडचे लेणे आणि अंबरनाथचे देऊळ

कल्याणहून भिवंडीकडे निघाले की दुर्गाडी किल्ल्याच्या पायथ्याशी उल्हास नदीचा पूल लागतो. पूल ओलांडताच पलीकडच्या काठावर येते ते कोन गाव. एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला भिवंडीचे यंत्रमाग आणि गोदामांच्या रांगा. रस्त्यावरून दिवसरात्र कंटेनर आणि खडीचे डंपर धावत असतात. या गजबजाटातून जाणाऱ्या फार थोड्यांना ठाऊक असते, की कोनच्या दोन बाजूंना दगडात घडवलेली दोन विलक्षण घरे उभी आहेत. एक आहे भिवंडी तालुक्यातल्याच लोणाडला. तेथे टेकडीच्या पोटात बौद्ध भिक्षूंसाठी कोरलेले लेणे आहे. दुसरे आहे कल्याण आणि उल्हासनगर ओलांडून पुढे, अंबरनाथला. तेथे वालधुनी नदीच्या काठी शिलाहार राजांनी बांधलेले शंकराचे देऊळ आहे.

दोन्ही वास्तूंचा दगड एकच, सह्याद्रीचा काळा पाषाण. काळात मात्र सुमारे पाचशे वर्षांचे अंतर आहे आणि घडणीची रीत तर नेमकी उलट. लोणाडला नको तो दगड काढून टाकला आणि उरलेल्या पोकळीचे घर झाले. अंबरनाथला हवा तो दगड आणला, घडवला, एकावर एक रचला आणि घर उभे राहिले. कोरणे आणि रचणे या दोन रीतींमधला फरक एकदा नीट समजला, की महाराष्ट्रातली कोणतीही जुनी दगडी वास्तू आपल्याशी बोलू लागते. हा फरक समजून घ्यायला कोनच्या आसपासची ही जोडी फार सोयीची आहे.

दगडाचा स्वभाव

सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी आजच्या महाराष्ट्राच्या भूमीवर जमिनीच्या भेगांतून लाव्हा वाहू लागला. तो एकदाच आला नाही. लाव्ह्याचा एक थर पसरायचा, थंड व्हायचा, मग त्यावर दुसरा यायचा. असे थरांवर थर साचून दख्खनचे पठार तयार झाले. सह्याद्रीच्या कड्यांवर आडव्या पायऱ्यांसारख्या रेषा दिसतात, त्या याच थरांच्या. या दगडाला भूशास्त्रात बेसॉल्ट म्हणतात. आपल्याकडे तो काळा पाषाण, काळा कातळ म्हणून ओळखला जातो.

सगळे थर सारखे नसतात. काही घट्ट आणि एकजीव असतात. काहींमध्ये थंड होताना वायूचे बुडबुडे अडकले आणि पुढे त्या पोकळ्यांत पांढरी, हिरवट खनिजे भरली. जुन्या लेण्यांच्या भिंतींवर पांढरे ठिपके किंवा बारीक खळगे दिसतात, ते याच दगडाचे. दोन थरांच्या मध्ये पुष्कळदा तांबड्या, भुसभुशीत मातीसारखा पट्टा असतो. त्यातून पाणी झिरपते आणि तो लवकर झिजतो. म्हणून लेणे कोरणाऱ्यांना आधी डोंगर वाचावा लागे. घट्ट थर किती जाड आहे, त्यात भेगा कुठे आहेत, तांबडा पट्टा वर आहे की खाली, यावर लेण्याची उंची, खोली आणि आयुष्य ठरत असे.

या दगडाचा आणखी एक गुण लक्षात ठेवायला हवा. तो दाब प्रचंड सोसतो. वाक मात्र सोसत नाही. त्याचा खांब करून त्यावर कितीही भार टाका, तो डगमगत नाही. त्याचीच लांब तुळई करून दोन टोकांवर टेकवली आणि मध्ये वजन ठेवले, तर तिच्या खालच्या अंगावर ताण येतो आणि तिथून ती तडकते. लाकडाची तुळई अशा वेळी वाकते, कुरकुरते, इशारा देते. दगड इशारा देत नाही. शिवाय त्याचे स्वतःचेच वजन मोठे. एक घनमीटर घट्ट काळा दगड पावणेतीन ते तीन टन भरतो. तीन मीटर लांब आणि अर्धा मीटर जाड-रुंद अशी एक तुळई म्हणजे दोन टनांहून अधिक वजन. लोणाड आणि अंबरनाथ येथील कारागिरांचा सगळा खटाटोप या एका गुणाशी आणि एका दोषाशी होता.

लोणाड : वजाबाकीची वास्तू

लोणाडचे लेणे सुमारे दीड हजार वर्षांपूर्वीचे आहे. आज तेथे खंडेश्वरी देवीची पूजा होते आणि गावकरी त्याला देवीचे लेणे म्हणूनच ओळखतात. मुळात तो विहार, म्हणजे भिक्षूंचे निवासस्थान. दर्शनी बाजूस खांबांची ओसरी, आत दालन आणि ओसरीच्या बाजूला भिंतीत कोरलेली माणसांची शिल्पे, अशी त्याची रचना आहे.

हे लेणे इथेच का, याचे उत्तर कोनसमोरच्या खाडीत आहे. कल्याण हे प्राचीन बंदर होते. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासपुस्तिकेत त्याचा उल्लेख आहे आणि सहाव्या शतकातला कॉस्मस हा ग्रीक व्यापारीही कल्याणच्या बाजारपेठेची नोंद करतो. कान्हेरीच्या लेण्यांतल्या शिलालेखांत तर कल्याणच्या दानशूरांची नावे पुन्हापुन्हा येतात. समुद्रावरून आलेला माल खाडीने कल्याणला यायचा आणि तेथून घाट चढून देशावर जायचा. भिक्षूंना वस्तीपासून फार दूर राहून चालत नसे, कारण भिक्षा गावातच मिळणार. वस्तीच्या कोलाहलातही राहून चालत नसे. पावसाळ्याचे महिने त्यांनी एका जागी राहावे असा नियम होता आणि कोकणचा पाऊस कुडाच्या झोपडीत काढणे सोपे नव्हते. व्यापारी मार्गापासून थोड्या अंतरावरच्या टेकडीत कोरलेले, कधी न गळणारे, न जळणारे घर, ही या सगळ्या गरजांची एकत्रित सोडवणूक होती.

असे घर कोरायचे कसे? महाराष्ट्रातल्या अपुऱ्या राहिलेल्या लेण्यांनी याचे उत्तर जपून ठेवले आहे. अजिंठ्याची काही लेणी अर्धवट सुटलेली आहेत आणि त्यांच्या भिंती पाहिल्या की कामाचा क्रम उलगडतो. आधी डोंगराचा उतार उभा तासून सपाट दर्शनी भिंत काढायची. मग वरच्या भागात, जेथे छत यायचे तेथून आत शिरायचे. पाथरवट अरुंद बोळ पाडत आत जात, मग दोन बोळांमधला दगड फोडून काढत. छत पुरे झाले की खाली उतरायचे. असे वरून खाली काम केल्याने परांची बांधावी लागत नसे. पायाखालचा न फोडलेला दगडच परांची. जेथे खांब हवा तेथला दगड हात न लावता ठेवायचा. खांबावरची नक्षी अगदी शेवटी.

या कामात चुकीला क्षमा नव्हती. रचलेल्या भिंतीतला एक दगड फुटला तर दुसरा बसवता येतो. लेण्यात एक घाव जास्त पडला, खांबाचा कोपरा उडाला, तर तो परत येत नाही. म्हणून पहिला घाव घालण्यापूर्वी संपूर्ण घर कुणाच्या तरी मनात पूर्ण झालेले असावे लागे. खांब किती, त्यांच्यात अंतर किती, मागच्या भिंतीत काय येणार, हे सगळे आधी ठरलेले. लेण्याचा सूत्रधार जे अजून दिसत नाही त्याचे माप घेत होता.

आता खांबांकडे नीट पाहू. लेण्याच्या ओसरीतले खांब छताला आधार देत आहेत असे वाटते. खरे तर छत, खांब आणि जमीन हा एकच सलग दगड आहे. छतावरचा डोंगर आपला भार मुख्यतः बाजूच्या कातळावर सोपवतो. दालन फार रुंद नसेल, वरचा दगड घट्ट असेल, तर खांबांवाचूनही छत टिकते. घारापुरीच्या मोठ्या लेण्यात याची खात्री पटते. तेथले अनेक खांब काळाच्या ओघात आणि माणसांच्या हातून मोडले, तरी वरचे छत जागेवर राहिले; पुढे ते खांब नव्याने उभारून घेण्यात आले. म्हणजे लेण्यातला खांब भार काही प्रमाणात घेतो, पण त्याचे मोठे काम डोळ्यांसाठी आणि मनासाठी आहे. माथ्यावर डोंगर असताना खाली शांतपणे बसायचे, तर समोर आधार दिसावा लागतो.

या खांबांचे रूप कुठून आले, हेही मोठे रंजक आहे. लेणी कोरणाऱ्यांनी डोळ्यांसमोर ठेवली होती ती लाकडी घरे. खांब, त्यावर तुळई, तुळईवर कड्या, पुढे झुकलेली वळचण, ही सगळी लाकडी बांधकामाची अंगे. सगळ्यात स्पष्ट पुरावा कार्ल्याच्या चैत्यगृहात, म्हणजे भिक्षूंच्या प्रार्थनागृहात आहे. तेथे कमानदार छताखाली सागवानी लाकडाच्या फासळ्या दोन हजार वर्षांपासून आहेत. त्या छताला काडीचाही आधार देत नाहीत, कारण छत डोंगराचेच आहे. तरीही त्या बसवल्या, कारण घर म्हणजे लाकडी छप्पर, हे लोकांच्या मनात पक्के होते.

लेण्याची एक अडचण मात्र कधीच सुटली नाही. उजेड आणि वारा एकाच बाजूने येतो. खिडकी मागच्या भिंतीला पाडता येत नाही, कारण मागे डोंगर. म्हणून लेणे खोल जाऊ लागले की अंधारते. ओसरी उघडी ठेवणे, दालनाचे दार रुंद करणे, दाराच्या दोन्ही अंगांना खिडक्या कोरणे, हे सगळे उजेड आत नेण्याचे उपाय. लेण्यांत पुढचा भाग कोरीव आणि मागच्या खोल्या साध्या असतात, याचे कारणही बऱ्याच अंशी हेच. जेथे उजेड पोचतो तेथेच शिल्पाला अर्थ.

कोरण्याकडून रचण्याकडे

लोणाडपासून अंबरनाथपर्यंतच्या पाचशे वर्षांत मधला मोठा टप्पा वेरूळला दिसतो. आठव्या शतकात राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याच्या काळात कैलास लेणे घडले. तेथे डोंगर वरून खाली कोरत नेला आणि मधोमध संपूर्ण देऊळ मोकळे केले. रीत लेण्याची, रूप देवळाचे. म्हणजे तोवर रचलेल्या देवळांचे आकार इतके मान्य झाले होते, की अखंड डोंगरातूनही शिखर, मंडप, जोते हेच आकार काढावेसे वाटले. आधीची लेणी लाकडी घराची नक्कल करत होती. कैलास दगडी देवळाची नक्कल करतो.

उत्तर कोकणातले शिलाहार हे याच राष्ट्रकूटांचे मांडलिक. कान्हेरीच्या लेण्यांत नवव्या शतकातले शिलालेख आहेत. त्यांत राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्ष आणि त्याचे मांडलिक शिलाहार राजे पुल्लशक्ती व कपर्दी यांची नावे आहेत. ज्या घराण्याच्या अमदानीत कान्हेरीच्या भिक्षूंना दाने मिळत होती, त्याच घराण्याने पुढे अंबरनाथचे देऊळ उभारले. कोरीव घरांचा काळ आणि रचीव घरांचा काळ यांना जोडणारा हा ठोस दुवा आहे.

अंबरनाथ : बेरजेची वास्तू

अंबरनाथच्या देवळाचे वय आपल्याला नेमके ठाऊक आहे, कारण ते देवळानेच सांगितले आहे. उत्तरेकडच्या दाराच्या वरच्या दगडावर शिलालेख आहे. त्यात शके ९८२, श्रावण शुद्ध नवमी ही तिथी आहे. इंग्रजी कालगणनेत तो दिवस २७ जुलै १०६० येतो. शिलाहार राजा मुम्मुणी, ज्याला लेखात माम्वाणी म्हटले आहे, याच्या राजवटीत हे भवन पूर्ण झाले आणि ते त्याचा भाऊ छित्तराज याच्या नावे आहे, असे लेखावरून कळते. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी हा झिजलेला लेख प्रथम वाचला तेव्हा त्यांना शके ७८२ असा आकडा दिसला. नंतर पंडित भगवानलाल इंद्रजींनी तो ९८२ असा वाचला आणि तोच आज मान्य आहे. एका अंकाने देवळाचे वय दोनशे वर्षांनी बदलले.

देवळाचे तोंड पश्चिमेला आहे. मध्ये मोठा मंडप, त्याला पश्चिम, उत्तर आणि दक्षिण अशा तीन दिशांनी प्रवेश, प्रत्येक प्रवेशापुढे खांबांचा छोटा मुखमंडप आणि पूर्वेला गाभारा. लेण्यात उजेड एकाच बाजूने येतो, ही अडचण आपण पाहिली. येथे तीन दारे असल्याने उजेड तीन बाजूंनी येतो, वारा आरपार जातो. रचलेल्या वास्तूने मिळवलेले हे पहिले स्वातंत्र्य.

बाहेरून पाहताना पहिली गोष्ट जाणवते ती अशी, की भिंत कुठेच सपाट नाही. ती पुढे येते, मागे जाते, पुन्हा पुढे येते. आराखडा जमिनीवर काढला तर चौरसाच्या कडा फोडून अनेक कोन बाहेर काढलेले दिसतात. या घड्या जोत्यापासून निघतात, भिंतीवरून चढतात आणि थेट शिखरापर्यंत जातात. त्याचे दोन फायदे होतात. एक म्हणजे घड्यांची भिंत सपाट भिंतीपेक्षा अधिक स्थिर असते. दुसरा डोळ्यांसाठी. काळा दगड उन्हात सपाट आणि निर्जीव दिसतो. घड्या पडल्या की प्रत्येक कोनाला एक उजळ आणि एक सावलीची बाजू मिळते, सूर्य सरकेल तशी भिंत बदलत राहते. मूर्तींनाही या कोनांवर स्वतंत्र जागा मिळते. लेणे आतून पाहायचे असते, अंबरनाथ भोवती फिरून पाहायचे असते.

खालून वर जाताना देवळाचे थर ओळखता येतात. सगळ्यात खाली जोते, त्याच्या आडव्या पट्ट्यांत हत्तींची आणि माणसांची रांग. त्यावर मूर्तींची भिंत, जिला शिल्पशास्त्रात जंघा म्हणतात. त्यावर छज्जा आणि मग शिखर. प्रत्येक थराची आडवी रेषा संपूर्ण देवळाभोवती अखंड फिरते. दगडाच्या दोन ओळींमधली सांध याच रेषांत लपवलेली आहे. जेथे कारागिराला सांध टाळता येत नव्हती, तेथे त्याने तिचीच नक्षी केली.

आता मुख्य प्रश्न. चुना न वापरता एवढे दगड एकत्र कसे राहिले? अशा देवळांत दगडाचा पृष्ठभाग इतका नीट घडवलेला असतो, की एक दगड दुसऱ्यावर पूर्ण टेकतो. काही ठिकाणी खालच्या दगडाला खाच आणि वरच्याला कूस ठेवून ते एकमेकांत बसवतात, म्हणजे ते बाजूला सरकत नाहीत. बाकीचे काम वजन करते. वरचा भार जितका जास्त, तितकी खालची पकड घट्ट. दगड दाब उत्तम सोसतो, या गुणावर ही रचना उभी आहे.

पण दोष? दगडी तुळई वाकत नाही, तडकते. मग मोठा मंडप झाकायचा कसा? अंबरनाथच्या मंडपात मधोमध चार कोरीव खांब आहेत. ते तळाशी चौकोनी आहेत, वर जाताना अष्टकोनी आणि गोल होतात, माथ्यावर पसरट शीर्ष येते. लेण्यातला खांब दाखवण्यापुरता असू शकतो. येथला खांब खरा आहे. तो काढला तर छत खाली येईल. खांबाच्या माथ्यावरचा दगड दोन्ही बाजूंना पुढे आलेला असतो. त्यामुळे तुळईला अधांतरी पार करायचे अंतर तेवढे कमी होते. खांबांच्या शीर्षांना जो शोभेचा फुलोरा वाटतो, तो असा तुळईचा प्राण वाचवत असतो.

चार खांबांवरच्या चार तुळयांनी मध्ये चौकोन उरतो. तो झाकण्यासाठी त्यांनी वापरलेली युक्ती भारतातल्या दगडी वास्तुकलेतली फार सुंदर युक्ती आहे. चौकोनाच्या कोपऱ्यांवर तिरपे दगड ठेवले की अष्टकोन होतो. त्यावर पुढचा थर थोडा आत सरकवून बसवला की पोकळी लहान होते. असा प्रत्येक थर खालच्यापेक्षा जरा आत येत जातो आणि शेवटी मध्यावर एक दगड बसून छत मिटते. टेबलाच्या कडेवर पुस्तकांची चळत प्रत्येक पुस्तक थोडे पुढे सरकवत रचावी, तसेच हे आहे. मागच्या भागावर पुरेसे वजन असेल तर पुढचा भाग पडत नाही. खरी कमान यात नाही. तरी खालून पाहणाऱ्याला वर्तुळात वर्तुळ, पाकळ्यांत पाकळी असा घुमट दिसतो आणि मधून दगडी झुंबरासारखा लोलक खाली उतरलेला दिसतो. वाक न सोसणाऱ्या दगडाकडून कारागिरांनी असे विस्तीर्ण छत मिळवले.

मंडपातून गाभाऱ्याकडे गेले की चढण्याऐवजी पायऱ्या उतराव्या लागतात. शिवलिंग जमिनीच्या पातळीखाली, खोल आहे. कोकणातल्या आणि देशावरच्या अनेक शिवमंदिरांत गाभारा असा खाली असतो. शिखराचा वरचा भाग आज शिल्लक नाही, त्यामुळे गाभाऱ्यातून थेट आकाश दिसते. भाविकांना यात अंबराच्या नाथाची खूण वाटते. वास्तूच्या अभ्यासकाला मात्र येथे शिखराच्या आत डोकावण्याची दुर्मीळ संधी मिळते.

शिखराची भाषा

अंबरनाथच्या शिखराची शैली भूमिज म्हणून ओळखली जाते. तिची ओळख सोपी आहे. शिखराच्या चारही बाजूंना मध्यावर एक उभा, जाळीदार पट्टा तळापासून माथ्याकडे जातो. दोन पट्ट्यांच्या मधल्या भागात छोट्या छोट्या शिखरांच्या ओळी असतात. त्या आडव्याही आणि उभ्याही नीट रांगेत बसतात आणि वर जाताना आकाराने लहान होत जातात. म्हणजे मोठे शिखर लहान शिखरांनीच भरलेले असते.

ही शैली माळव्यात आणि महाराष्ट्रात बहरली. मध्य प्रदेशातल्या उदयपूरचे उदयेश्वर देऊळ परमार राजा उदयादित्याच्या काळातले, अकराव्या शतकाच्या उत्तरार्धातले. अंबरनाथ त्याचे समकालीन आहे. पुढे सिन्नरचे गोंदेश्वर आणि खानदेशच्या वाटेवरचे झोडग्याचे माणकेश्वर ही देवळे त्याच परंपरेत येतात. माळवा, नाशिक आणि कोकण यांना जोडणाऱ्या व्यापारी वाटांवरून माल गेला, तसे सूत्रधार आणि त्यांचे आराखडेही गेले असणार.

येथे एक गैरसमज दूर करायला हवा. काळ्या दगडाचे, चुन्याविना बांधलेले कोणतेही जुने देऊळ दिसले की आपण त्याला हेमाडपंती म्हणून मोकळे होतो. हेमाद्री उर्फ हेमाडपंत हा देवगिरीच्या यादवांचा, महादेव आणि रामचंद्र या राजांचा मंत्री. तो तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातला. अंबरनाथ त्याच्या दोनशे वर्षे आधी पूर्ण झालेले आहे. ज्या रीतीला आपण त्याचे नाव देतो, ती त्याच्या जन्मापूर्वी कित्येक पिढ्या कोकणातल्या पाथरवटांच्या हातात होती. सरसकट हेमाडपंती म्हणण्यात त्या अनाम कारागिरांचे श्रेय हरवते आणि शिलाहारांचेही.

दोन्ही वास्तू पाहाव्यात कशा?

शक्य असल्यास आधी लोणाड पाहावे, मग अंबरनाथ. लोणाडला ओसरीत उभे राहून खांब जेथे छताला मिळतो ती जागा पाहावी. तेथे सांध नाही. खांब आणि छत एकाच दगडाचे आहेत. भिंतींवर छिन्नीचे तिरपे घाव शोधावेत, ते काम करणाऱ्या हाताची दिशा सांगतात. मग दालनाच्या आत जाऊन मागे वळून पाहावे. उजेड किती आत येतो हे कळले की लेण्याची लांबी-रुंदी अशी का आहे ते कळते.

अंबरनाथला गेल्यावर उलटे करावे. तेथे सांधे शोधावेत. नक्षी कुठे थांबते आणि पुढच्या दगडावर कशी सुरू होते ते पाहावे. मंडपात चार खांबांच्या मध्ये उभे राहून वर पाहावे आणि छताचे थर मोजावेत. नंतर बाहेर येऊन भिंतीचा एक कोन निवडावा आणि नजर जोत्यापासून शिखरापर्यंत सरळ वर न्यावी. घडी कुठेही तुटत नाही. एका सूत्रधाराने हा आराखडा शेवटपर्यंत सांभाळला, याची ती साक्ष आहे.

एवढे पाहिल्यावर लोणाडच्या गावातल्या जुन्या शिवमंदिराच्या अवशेषांनाही भेट द्यावी. लोणाडजवळच्या चौधरपाड्याचा शके ११६१ मधला, शिलाहार राजा केशिदेवाचा दान नोंदवणारा शिलालेखही प्रसिद्ध आहे. लेणे, देऊळ आणि लेख अशा तीन अवस्थांतला दगड एकाच गावाच्या परिसरात आहे, आणि तो भिवंडी तालुक्यात आहे.

राखण

१८६८ मध्ये मुंबई सरकारच्या वतीने कला विद्यालयातल्या शिक्षक आणि विद्यार्थ्यांनी अंबरनाथच्या शिल्पांचे साचे आणि रेखाटने करून घेतली. आज हे देऊळ केंद्र सरकारच्या भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याच्या संरक्षणाखाली आहे. अशा राष्ट्रीय महत्त्वाच्या स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामाला मनाई असते आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी घ्यावी लागते. स्मारकाची नासधूस केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

कायदा असला तरी दगडाचे खरे शत्रू रोजचे आहेत. कोकणातला पाऊस सांध्यांत शिरतो, शेवाळ धरते, पिंपळाचे रोप एका भेगेत रुजले की मुळे दगड उचलून टाकतात. भाविकांनी वाहिलेले तेल आणि शेंदूर मूर्तीचे बारीक काम बुजवतात. तैलरंगाचा थर दगडातली ओल आत कोंडतो आणि पापुद्रे सुटू लागतात. सिमेंटने बुजवलेली सांधही तेच करते. चुन्याविना रचलेल्या भिंतीला पाणी बाहेर टाकायला जागा हवी असते. देवळाच्या कुशीतून वाहणारी वालधुनी कारखान्यांच्या आणि शहराच्या सांडपाण्याने काळवंडली आहे, तिचाही परिणाम परिसरावर होतो.

याउलट लेण्याला आतून फारसा धोका नाही, वरून आहे. टेकडीच्या माथ्यावरची झाडे तोडली, माती हलली, जवळपास सुरुंग लावून खडी काढली, की भेगा रुंदावतात आणि छतातून पाणी झिरपू लागते. लेण्याचे संरक्षण म्हणजे संपूर्ण टेकडीचे संरक्षण. हे तत्त्व लोणाडलाच नव्हे, महाराष्ट्रातल्या सगळ्याच लेण्यांना लागू आहे. लेण्यापुढे कुंपण घालून मागचा डोंगर फोडत राहिलो, तर ते कुंपण निरुपयोगी आहे.

महाशिवरात्रीला अंबरनाथला लाखो माणसे येतात. लोणाडला देवीच्या दर्शनाला पंचक्रोशी येते. या वास्तू टिकल्या त्या बऱ्याच अंशी लोकांच्या श्रद्धेमुळे, हे मान्य करायलाच हवे. त्याच श्रद्धेने आता थोडी शिस्त स्वीकारावी. मूर्तीला तेल आणि रंग लावू नये, दगडावर नावे कोरू नयेत, भेगेत उगवलेले रोप दिसले तर स्वतः उपटण्याऐवजी संबंधित खात्याला कळवावे. आणि भिवंडी, कल्याण, अंबरनाथच्या शाळांनी आपल्या मुलांची एक सहल दरवर्षी या दोन ठिकाणी न्यावी. वेरूळ-अजिंठ्याला जाण्यापूर्वी मुलांनी आपल्या तालुक्यातला दगड वाचायला शिकावे. कोरणे काय आणि रचणे काय, हे ज्या मुलाने लोणाड आणि अंबरनाथला हाताने चाचपून पाहिले, तो पुढे कोणत्याही जुन्या भिंतीवर हातोडा चालवायला सहजी तयार होणार नाही.